नाकाला टेकवलेला गोळा

१ जानेवारी २०२५, सकाळी

नवं वर्ष, नवी वही. ही वही फक्त माझ्यासाठी आहे. सौ.ने वाचली तर परिणामांना ती जबाबदार.

संकल्प. एक, रोज पांझरा नदीच्या काठाने फिरायला जाणे. दोन, कॉलेजच्या नव्या विज्ञान दालनाचा संचालक होणे. तीन, कुणापुढे वाकायचं नाही. तिसरा लिहायचीसुद्धा गरज नव्हती, मी मुळातच ताठ माणूस. एकोणतीस वर्षं देवपुरातल्या याच कॉलेजात फिजिक्स शिकवतोय. एकाही प्राचार्याची हांजी हांजी केली नाही. त्यातले निम्मे मला ओळखही देत नाहीत, यावरूनच काय ते कळतं.

सायंकाळी

फिरायला गेलो नाही. धुकं होतं. आबासाहेबांच्या बंगल्यावर मात्र जाऊन आलो. आबासाहेब म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. संचालक कोण हे तेच ठरवणार. बाहेर ही मोठी रांग, जो तो पाया पडतोय. लाचार लेकाचे. तासाभराने माझा नंबर लागला तेव्हा माझा पेन नेमका त्यांच्या पायाशी पडला. उचलायला वाकावं लागलं. पेन पार्करचा आहे, सोडून देता येत नाही.

४ जानेवारी

मीटिंग. दालनाचं नाव ठरलं, 'हात लावा'. जुन्या वाचनालयाचा हॉल रिकामा करून तिथे गणित, फिजिक्स, इंजिनिअरिंगमधलं संशोधन मांडायचं आणि लोकांनी येऊन ते हाताळायचं. लोकांनी! ज्यांना लिफ्टचं बटण एकदा दाबून थांबता येत नाही, त्यांनी! मी माझ्या लॅबमधली 'हात लावू नये' ही पाटी देऊ केली. चांगली इनॅमलची आहे. नाकारली.

हे सगळं खूळ डॉ. संघमित्रा बिऱ्हाडे या बाईचं. दोन वर्षांपूर्वी जळगावहून आली, मेहरूणची आहे. केळीच्या खोडातल्या धाग्यांचे दोर किती वजन पेलतात यावर पीएचडी. मी सर्वांसमोर विचारलं, फिजिक्समध्ये केळी कुठून आली? ती म्हणाली, "रावेरहून, सर." सगळे हसले. प्राचार्य सर्वांत जास्त. हे मी विसरणार नाही.

संचालकपदासाठी नावं दोनच. तिचं आणि माझं. तेव्हा काळजी नाही.

९ जानेवारी

प्राचार्यांनी जळगावला पाठवलं. या बाईने मेहरूण तलावाजवळच्या एका शाळेत आधी असंच प्रदर्शन मांडलं होतं, ते बघून या म्हणे. एसटीने गेलो, पारोळ्यापर्यंत उभा. प्रदर्शनात नुसता गोंगाट. चौकोनी चाकांची एक गाडी, ती उंचसखल लाकडी रस्त्यावरून लोण्यासारखी चालते. बायका पदर खोचून त्यात बसत होत्या. एका आजीला उतरवायला दोघं लागले, तिला अजून एक फेरी हवी होती. साबणाच्या पाण्याचे माणसाएवढे पडदे. माझा शर्ट खराब.

दोन घसरगुंड्या होत्या, एक सरळ आणि एक खोल वाकलेली. दोन्हीवरून एकदम गोटी सोडायची, आधी कुठली पोहोचते ते सांगायचं. मी मोठ्याने सांगितलं, सरळ. वाकडी जिंकली. पुन्हा सोडायला लावली. वाकडी. गोट्या बदलायला लावल्या. वाकडी. गणित मला येतं, वर्गात शिकवतो. पण ऐन वेळी मनातून सरळच वाटली. सरळची गोटी जुनी असावी.

भरीत-पुरी खाऊन परतलो. भरीत उत्तम. प्रदर्शनाबद्दल प्राचार्यांना 'सामान्य' असा अहवाल दिला.

१४ जानेवारी

सकाळीच भडगावहून मायचा फोन. "सकरातले घर येस ना रे?" आज आबासाहेबांकडे तिळगूळ समारंभ आहे आणि संचालकपदाचा प्रश्न आहे, हे तिला समजावून सांगितलं. "बरं," म्हणाली. ती नेहमी बरंच म्हणते, समजूतदार आहे.

आबासाहेबांकडे पुन्हा वाकावं लागलं. त्यांच्या हातून तिळगूळ सांडला. अन्न पायदळी जाऊ द्यायचं नाही, हे आमच्या घरचे संस्कार.

१८ जानेवारी

आता आपली बाजी. दालनात मधोमध एक मोठा लोखंडी गोळा टांगायचा ठरलाय, नारळाएवढा. दोर अर्थात केळीचा, बाईच्या संशोधनाची जाहिरात. माणसाने फळीला पाठ लावून उभं राहायचं, गोळा उचलून स्वतःच्या नाकाला टेकवायचा आणि सोडायचा, बस. गोळा हॉलच्या त्या टोकाला जातो, झोकाने परत येतो आणि नाकाशी येऊन थांबतो. नाकाला लागत नाही, लागूच शकत नाही. ज्या उंचीवरून सोडला त्याहून वर चढायला ऊर्जा आणणार कुठून? हे मी एकोणतीस वर्षं फळ्यावर सिद्ध करतोय.

उद्घाटनाला २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आबासाहेब स्वतः येणार. गोळ्यासमोर कोण उभं राहणार, असं प्राचार्यांनी विचारलं. सगळे खाली बघायला लागले. मी हात वर केला. फोटो पेपरात येणार, बाई फोटोच्या कडेला कुठेतरी साबणाच्या पडद्यामागे असेल. झालो संचालक.

२० जानेवारी

पहिली चाचणी. दार लावून घेतलं, फक्त मी आणि लॅब अटेंडंट मगन. गोळा नाकाला लावला, सोडला. त्यानंतर मी खिडकीजवळ होतो. मगन म्हणाला, "सर, गोळा तं आजून तथाच शे!" गोळा परत फिरलाही नव्हता. मगनला सांगितलं की, मी तिकडून कोन तपासत होतो.

२२ जानेवारी

दुसरी चाचणी. शिंक आली. तिसरी चाचणी. मोबाइल वाजल्यासारखं वाटलं. चौथ्या चाचणीत मी हललो नाही असं माझं मत, हललो असं मगनचं. त्याचं मत विचारलं नव्हतं.

दोराची मात्र शंका येते. केळीवर लोखंड टांगणं हे कुठल्या पुस्तकात बसतं? स्टीलची तार लावा असं लेखी दिलं. बाईने उत्तरादाखल त्या दोराला झोपाळा बांधून त्यावर तीन क्लार्क बसवून दाखवले. आगाऊपणा.

२६ जानेवारी

झेंडावंदन. आबासाहेबांची गाडी आली, मी पुढे होऊन नमस्कार केला. खाली वाकून, कारण गाडीची काच खाली असते. गाडीत आबासाहेब नव्हते, ते मागच्या गाडीत होते. काच काळी, मला काय माहीत! ड्रायव्हरने नमस्कार स्वीकारला. उर्मट आहे.

२७ जानेवारी

सौ.ने विचारलं, फिरायला कधीपासून जाणार? या घरात वैज्ञानिक कामाची कदर नाही.

३ फेब्रुवारी

उभा राहिलो.

आज मगन रजेवर होता, हॉलमध्ये कुणी नव्हतं. गोळा नाकाला लावला. सोडला. गेला. परत निघाला तेव्हा पाठ फळीला दाबून धरली आणि डोळे मिटले नाहीत. गोळा मोठा मोठा होत आला. लोखंडाचा वास आला. मग तो नाकापुढे एक बोट थांबला, अगदी शांतपणे, आणि मागे फिरला.

मी पुन्हा केलं, आणि पुन्हा. इतकी वर्षं मी जे शिकवलं ते खरं आहे, हे मला आज पहिल्यांदा कळलं. म्हणजे माहीत होतंच. पण आज ते नाकापर्यंत आलं. मला रडू आलं. धूळ फार आहे त्या हॉलमध्ये.

घरी आल्या आल्या ज्योत्स्नाला, म्हणजे सौ.ला, सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग गोळा आणि तुम्ही, दोघांतला कुणी दळण आणणार आहे का?"

१० फेब्रुवारी

रोज उभा राहतोय. आता विद्यार्थी बघायला जमतात. इतक्या वर्षांत माझ्या तासाला एवढी गर्दी कधी नव्हती. आज संघमित्राबाईंनी टाळ्या वाजवल्या. "सर, पापणीसुद्धा हलली नाही," म्हणाल्या. त्यांच्या सर्टिफिकेटची गरज नाही. तरी नोंद ठेवतो.

१५ फेब्रुवारी

अपमान. बाईने गोळ्याशेजारी पाटी लावली. 'पाठ फळीला ठेवा. गोळा ढकलू नका. सोडल्यावर पुढे वाकू नका.' हात लावा म्हणणाऱ्यांना आता पाट्या सुचतात! मी विचारलं, हे शेवटचं वाक्य कुणासाठी? ती म्हणाली, सगळ्यांसाठीच, सर. मी म्हटलं, मी आयुष्यात कधी कुणापुढे वाकलेलो नाही. मगनला त्या क्षणी खोकला आला.

मग तिने मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं, "सर, आबासाहेब दारातून येत असतील तेव्हा गोळा सोडू नका. ते येऊन खुर्चीत बसले की मग सोडा."

अच्छा. डाव लक्षात आला. खुर्च्या फळीच्या बाजूला आहेत. तिथे बसलेल्या माणसाला माझा फक्त कान दिसतो. दार मात्र फळीच्या बरोबर समोर. आबासाहेब उंबरठ्यावर पाऊल ठेवतात, समोर मी ताठ उभा, मध्ये येणारा गोळा, मागून फोटोग्राफर. हे चित्र त्यांना दिसू नये म्हणून ही धडपड. फार हुशार समजते स्वतःला.

ठरलं. मगन दारात उभा राहील. आबासाहेब पायऱ्या चढले की त्याने टॉवेल हलवायचा. टॉवेल हलला की मी गोळा सोडणार. तो परत येईल तेव्हा आबासाहेब बरोबर दारात असतील. टायमिंग हा फिजिक्सचा आत्मा आहे.

२२ फेब्रुवारी

टायमिंगची तालीम. आबासाहेबांच्या जागी कॅंटीनवाला. सात वेळा केलं, सातही वेळा परफेक्ट. मी हललो नाही. कॅंटीनवाल्यासाठी हलण्याचं कारणही नव्हतं.

२७ फेब्रुवारी

नवा कोट आला. मायचा फोन, "तुन्हा कार्यक्रमले मी येऊ का?" म्हटलं, गर्दी फार, तुला उभं राहावं लागेल, संचालक झालो की मीच भडगावला येतो. बरं म्हणाली.

उद्या.

१ मार्च, हॉस्पिटलमधून

नाकाचं हाड मोडलं. बोलता येत नाही म्हणून लिहितो.

गोळ्याची चूक नाही, हे आधी लिहून ठेवतो. दोराचीही नाही. मगनने टॉवेल वेळेवर हलवला. मी गोळा न ढकलता सोडला. तो गेला, परत निघाला. दारात आबासाहेब आले. पांढरे कपडे, हातात काठी. मी ताठ उभा. आणि मग माझे हात जोडलेले मला दिसले. ते कधी जोडले गेले, ठाऊक नाही. पाठ फळीवरून सुटली, मान खाली गेली. गोळा जिथे यायचा तिथेच येत होता. मी मात्र तिथे नव्हतो, चांगला वीतभर पुढे होतो.

हा अपघात आहे. ज्येष्ठांचा आदर करणाऱ्या कुठल्याही सुसंस्कृत माणसाला होऊ शकतो.

एक तपशील मगनने आज डबा आणला तेव्हा सांगितला. आबासाहेब आत आले तेव्हा मोबाइलवर बोलत होते आणि चौकोनी चाकांच्या गाडीकडे बघत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. नंतर त्यांनी फक्त विचारलं, कसला आवाज झाला. मग गाडीत बसून दोन फेऱ्या मारल्या, खूश झाले.

डॉक्टरांची सूचना, महिनाभर खाली वाकायचं नाही, रक्त सुटेल. डॉक्टर हे सांगत असताना सौ. एवढी हसली की, नर्स बघायला आली.

४ मार्च, घरी

संघमित्राबाई संचालक. ठीक आहे. ज्यांना खुर्चीची हौस असते त्यांना ती मिळते.

संध्याकाळी भेटायला आल्या, हातात केळी. दुसरं काय असणार! म्हणाल्या, "सर, फेब्रुवारीत तुम्ही रोज उभे राहायचात ते बघूनच पोरांची भीती गेली. आता गोळ्यापुढे रांग असते. बरे झालात की दर रविवारी तुम्हीच दाखवा." मी मान हलवली नाही, दुखते. लोक मगनला विचारतात म्हणे, तो नाकवाला सर कुठे गेला? पाटीवरचं शेवटचं वाक्य आता लाल रंगात केलंय, हेही त्यांनी सांगितलं. सहानुभूतीच्या नावाखाली माणसं काय काय ऐकवतात.

त्या गेल्यावर केळी सौ.ला फेकायला सांगितली. तिने शिकरण केलं. खाल्लं.

६ मार्च

आबासाहेबांच्या बंगल्यावर गेलो. झाला प्रकार त्यांच्या कानावर नीट घालणं आवश्यक होतं. रांगेत सगळे वाकत होते, मी डॉक्टरी सल्ल्याने ताठ. वाटलं, आता तरी फरक लक्षात येईल. आबासाहेबांनी माझ्या बँडेजकडे बघितलं आणि शेजारच्या माणसाला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, आपल्या कॉलेजात असतात, फिजिक्सला. आबासाहेब मला म्हणाले, "गाडीवरून पडलात का?"

मी म्हटलं, "हो, साहेब."

९ मार्च

दुपारी माय आली. न सांगता, एसटीने, एकटी. पिशवीत भरताची वांगी आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ. दारातूनच माझ्या तोंडाकडे बघितलं. "कसं काय व्हयनं हाई?" सौ.ने सगळं सांगितलं, हसू दाबत. मला वाटलं, मायही हसेल. ती हसली नाही. "साहेब उना म्हनीसन तू वाकना?" मी गोळा, ऊर्जा, टायमिंग सगळं समजावलं. तिने नेहमीसारखं बरं म्हटलं नाही. पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "बठ्ठासना पाया पडस तू. मन्हा कधी पडना, सांग बरं?"

मायच्या पाया कधी पडलो, ते मी आठवायला लागलो. नोकरीची ऑर्डर आली तेव्हा पेढे घेऊन आधी तेव्हाच्या अध्यक्षांकडे गेलो होतो. लग्नात फोटोग्राफर घाई करत होता. दिवाळीला आम्ही उशिरा पोहोचतो आणि लवकर निघतो. एखादा तरी प्रसंग असेलच. संध्याकाळपर्यंत आठवत होतो, सापडला नाही.

म्हणून मग उठलो आणि वाकलो. सौ. ओरडली. माझ्या नाकातून रक्ताचे थेंब मायच्या पायावर पडले. तिने माझ्या शर्टाची कॉलर धरून मला सरळ केलं, पदराने नाक पुसलं. "ऱ्हाऊ दे आते. बठ."

मुक्कामाला राहा म्हटलं, राहिली नाही. म्हशीचं कोण बघणार म्हणाली. स्टॅंडवर सोडायला गेलो. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खालून सांगितलं, महिन्याभरात बरा होतो, मग भडगावला खास तुझ्या पाया पडायला येतो. तिने खिडकीतून माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "नाक बरं व्हयनं का मंग तुले साहेबच दिसतीन," म्हणाली.

कंडक्टरने बेल मारली. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथे ताठ उभा होतो. दुसरं काही करता येत नव्हतं.